फुलराणी कुठे पाहायची?

मागे एका आंतरशालेय एकपात्री स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. बावीस मुली होत्या आणि त्यातल्या पाच जणींनी एकच स्वगत निवडलं होतं, ‘ती फुलराणी’ या नाटकातलं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’. पाचही जणी त्याच शब्दापाशी थांबल्या, त्याच वाक्याला उजवा हात कमरेवर गेला, त्याच जागी मानेला झटका आला. स्पर्धा संपल्यावर त्यांच्यातल्या एकीला, नववीत असेल, मी विचारलं, “कुणाचं बघून बसवलंस गं?” म्हणाली, “ताईचं.” ताईने कुणाचं पाहिलं होतं? मोबाइलवर एका मुलीचं. आणि त्या मुलीने? ते तिला ठाऊक नव्हतं. मग तिनेच मला विचारलं, “मॅडम, पहिली फुलराणी कुठे बघायला मिळेल?”

मी तिला भक्ती बर्वे हे नाव सांगितलं. नाटककार पु. ल. देशपांडे, प्राध्यापकाच्या भूमिकेतले सतीश दुभाषी, 1975 साल, सगळं सांगितलं. पण तिने विचारलं होतं ‘कुठे’, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फार तर एखादा तुकडा, एखादी झलक. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंतचा एक अख्खा प्रयोग, एखाद्या वाचनालयात जाऊन नाव नोंदवावं आणि तीन तास बसून बघावा, अशी सोय मला तिला सांगता आली नाही.

हा लेख त्या ‘कुठे’साठी आहे. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या नटीचं काम समाजाने जपून ठेवायचं असतं, आणि ते जपलं जात नसेल तर तो आपला सार्वजनिक कामचुकारपणा आहे, असं मला वाटतं. भक्तीताईंचं उदाहरण घेते, कारण त्यांच्याइतकं हे दुखणं उघडं करून दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

10 सप्टेंबर 1948 चा त्यांचा जन्म, सांगलीचा. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून त्या रंगमंचावर आल्या. मुलांपुढे नाटक करणं ही नटासाठी सगळ्यात कडक शाळा असते. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी भिडेखातर गप्प बसतो. मूल कंटाळलं की लगेच आईला म्हणतं, घरी चल. तिथे घडलेली मुलगी पुढे विजया मेहतांच्या हाताखाली ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेल्या ब्रेख्तच्या रूपांतरात उभी राहिली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी तिथे निवेदन केलं, बातम्या वाचल्या.

या बातम्यांपाशी थोडं थांबते, कारण फुलराणीचं मर्म मला तिथे दिसतं. बातम्या वाचणाऱ्या बाईचं मराठी कसं असायचं? प्रत्येक अक्षर घासून पुसून ठेवलेलं. ‘च’ आणि ‘च़’ मधला फरक स्वच्छ, ‘न’चा ‘न’ आणि ‘ण’चा ‘ण’. घराघरात संध्याकाळी हे मराठी ऐकू यायचं आणि तेच ‘शुद्ध’ समजलं जायचं. त्याच गळ्यातून 1975 साली मंजुळा साळुंके बोलायला लागली. फुलं विकणारी, आवाज चढवून बोलणारी, जिच्या तोंडी ‘ण’ येतच नाही, जिची भाषा ऐकून प्राध्यापक अशोक जहागीरदार कानांवर हात ठेवतो. ‘ती फुलराणी’ ज्यावरून केलं त्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये लंडनच्या बोलींचा जो झगडा आहे, तो पुलंनी मराठीत आणताना आपल्याकडच्या जखमेवर आणून ठेवला. आपल्याकडे माणसाने तोंड उघडलं की जात, गाव, पेठ, शाळा सगळं ओळखलं जातं. प्रमाण भाषेचा रोजचा चेहरा असलेल्या नटीनेच ती भाषा नसलेल्या मुलीचं काम केलं. तिने ‘अशुद्ध’ बोलणं हास्यास्पद केलं, की त्याला मान मिळवून दिला? प्रेक्षक मंजुळेला हसत होता, की मंजुळेबरोबर हसत होता? नाटक संपेपर्यंत ते हसणं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत होतं का, आणि सरकत असेल तर नेमकं कुठल्या वाक्याला?

मराठी समाज समजून घ्यायचा असेल तर हा प्रश्न किरकोळ नाही. पण छापील नाटकात त्याचं उत्तर सापडत नाही. पुस्तकात शब्द आहेत, सूर नाही. वाक्यानंतर पूर्णविराम आहे. त्या पूर्णविरामात नटी किती वेळ थांबली ते नाही.

आता कुणी म्हणेल, पाहिलेले लोक आहेत की, त्यांना विचारा. मी विचारलं आहे. माझी आई आणि मावशी एकाच रात्री, एकाच रांगेत बसून ‘ती फुलराणी’ पाहून आल्या होत्या. आई शपथेवर सांगते की ते स्वगत भक्ती बर्वे उभ्याने, रंगमंचभर फिरत म्हणायच्या. मावशी तितक्याच खात्रीने सांगते की त्याची सुरुवात खाली बसून होती आणि मग त्या सावकाश उठायच्या. दोघी खोटं बोलत नाहीत. दोघींनी आपापली फुलराणी घरी नेली आणि पन्नास वर्षं सांभाळली, आणि सांभाळता सांभाळता ती बदलत गेली. आठवण ही प्रेमाची गोष्ट आहे, तिच्यावर अभ्यास उभा करता येत नाही. शिवाय या पिढीतली माणसं एकेक करून जाताहेत.

याच्या शेजारी ‘जाने भी दो यारों’ ठेवून बघा. कुंदन शाहांचा 1983 चा चित्रपट, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात केलेला. त्यात भक्ती बर्वे ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन झाल्या. ही बाई भ्रष्टाचार उघडा पाडण्याच्या गोष्टी करते, दोन भाबड्या छायाचित्रकारांना कामाला लावते आणि शेवटी स्वतःच सौद्याला बसते. सुंदर काम आहे. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, पंकज कपूर, ओम पुरी, सतीश शाह अशा सगळ्यांच्या गर्दीत ही बाई आवाज न चढवता आपली जागा घेते. मधाळ बोलता बोलता एका क्षणात तिचा आवाज व्यवहाराचा होतो, तो बदल मी किती वेळा मागे नेऊन बघितला असेल. मागे नेऊन बघता आला, हेच मला सांगायचं आहे. 2012 मध्ये हा चित्रपट दुरुस्त करून, स्वच्छ करून पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला. तीस वर्षांनी नव्या पिढीने मोठ्या पडद्यावर भक्ती बर्वे पाहिल्या. फार चांगलं झालं. पण त्यामुळे असं झालं आहे की महाराष्ट्राबाहेर, आणि आता महाराष्ट्रातल्या तरुणांतही, त्यांची ओळख म्हणजे शोभा सेन. आयुष्याचा फार मोठा भाग जिने रंगमंचावर काढला, तिची कीर्ती एका चित्रपटातल्या एका भूमिकेवर तोलली जाते. जे टिकलं ते मोठं दिसतं. जे टिकलं नाही ते लहान होतं असं नाही.

‘आई रिटायर होते’मधली आई आठवा. घरच्या कामातून निवृत्त व्हायचं ठरवणारी बाई आणि त्या एका घोषणेने उलटंपालटं होणारं घर. आज घरकामाच्या मोलाबद्दल आपण लेख लिहितो, चर्चासत्रं भरवतो. त्या नाटकाला बसलेल्या बायका त्या आईकडे बघून गप्प कधी झाल्या आणि टाळ्या कधी पडल्या, हे आपल्याला बघता आलं असतं तर? किंवा प्रेमानंद गज्वींच्या ‘गांधी-आंबेडकर’मधला विदूषक. गांधी आणि आंबेडकर यांच्यामध्ये उभं राहून दोघांनाही प्रश्न विचारणारा हा विदूषक, आणि ते काम केलं भक्ती बर्वेंनी. फुलराणी म्हणून डोक्यावर घेतलेल्या नटीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर ही भूमिका पत्करावी, यात तिची सगळी झेप दिसते. नटीची कारकीर्द म्हणजे तिने वयाच्या कुठल्या वळणावर काय पत्करलं आणि कसं बदललं याचा आलेख असतो. आपल्या हातात त्या आलेखाचा एखादा ठिपका आहे आणि त्यालाच आपण आलेख म्हणतो.

1990 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1996 मध्ये त्यांचे पती, नट शफी इनामदार गेले. ‘पु.ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम त्या एकट्या करत. 12 फेब्रुवारी 2001 ला वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यापाशी त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वय 52. पुढची वीस वर्षं त्यांनी काय काय केलं असतं, हा विचार आजही सहन होत नाही. त्या गेल्या तेव्हा घरोघरी व्हिडिओ कॅमेरे आले होते, लग्नाच्या कॅसेटी होत्या, बारशाच्या होत्या. साधनं नव्हती असं म्हणता येत नाही.

संगीत नाटकाचं नशीब जरा बरं. बालगंधर्वांचा आवाज आपल्याकडे आहे, कारण ग्रामोफोन कंपन्यांना गाणी विकायची होती. ज्योत्स्ना भोळेंचं ‘कुलवधू’मधलं ‘बोला अमृत बोला’ आजही रेडिओवर लागलं की कामं हातातच राहतात. पण ‘कुलवधू’ हे रांगणेकरांचं 1942 चं नाटक घराबाहेर पडून कमावणाऱ्या नटीबद्दल आहे, तिच्या संसाराबद्दल आहे. गाणं उरलं, आणि गाण्याच्या आधी-नंतर ज्योत्स्नाबाई जे बोलत होत्या ते गेलं. बाजाराला जे विकता आलं ते वाचलं. उरलेलं वाचवणं बाजाराचं काम नव्हतंच. ते सार्वजनिक संस्थांचं काम होतं. चित्रपटासाठी ते झालं. 1964 पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, रिळं हुडकून, धुऊन, थंड खोल्यांत ठेवून ते काम करत आलं आहे. मराठी नाटकाला तसं घर मिळालं नाही. संगीत नाटक अकादमीच्या दिल्लीतल्या संग्रहात ध्वनिचित्रमुद्रणं आहेत, इकडे-तिकडे काही संस्थांनी आपल्या हिमतीवर थोडं जमवलं आहे. पण रोज कुठे ना कुठे तिसरी घंटा वाजते अशा या राज्यात प्रयोग जतन करणं हे कुणाच्याही नेमून दिलेल्या कामात नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागते. महाराष्ट्रात नाटक रंगमंचावर आणायचं तर त्याची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. म्हणजे नाटकातला प्रत्येक शब्द सरकारला तपासायला हवा असतो. त्या शब्दांचं नटीने काय केलं, ते मात्र सरकारदरबारी कुणी मागत नाही. शब्दावर नजर ठेवणारी यंत्रणा उभी करता येते, तर प्रयोग सांभाळणारी का करता येऊ नये?

निर्मात्यांची भीती मला समजते, ती खोटी नाही. प्रयोगाचं चित्रण एकदा बाहेर फुटलं की तिकीट कोण काढणार? नाट्यगृहाचं भाडं, बस, जाहिरात, कलाकारांची नाईट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, हे सगळं प्रत्येक प्रयोगाला नव्याने उभं करावं लागतं. चालू नाटकाचं चित्रण मोबाइलवर फिरायला लागलं तर निर्माता बुडेल. पण जतन करणं आणि प्रसारित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1970 पासून बेट्टी कॉर्विन या बाईंनी नाटकांच्या चित्रणाचा संग्रह उभा केला. कलाकारांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटनांशी बोलून, एकेकाची समजूत काढून. तिथली चित्रणं विकली जात नाहीत, घरी नेता येत नाहीत. ग्रंथालयात जायचं, अभ्यासाचं कारण सांगायचं, तिथेच बसून पाहायचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1992 पासून असंच काम सुरू केलं. ब्रॉडवेच्या निर्मात्यांना आपल्या निर्मात्यांपेक्षा गल्ल्याची काळजी कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. तरी त्यांनी हे मान्य केलं, कारण नियम स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप नाटकवालेच घेतात, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नाटक हे त्या रात्रीचं असतं, नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये घडतं आणि विरून जातं, कॅमेऱ्यात येतं ते नाटक नव्हेच. मी हे पूर्णपणे मानते. चित्रण म्हणजे प्रयोग नव्हे. पण माझ्याकडे मामाने ठेवलेली एक कॅसेट आहे. ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये त्याने पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून एक कौटुंबिक नाटक टेप केलं होतं. करायला नको होतं, पण केलं. आवाज खरखरीत आहे, मागे कुणीतरी सतत खोकतंय, एक लहान मूल मध्येच पाणी मागतं. त्यात एका प्रसंगात नटी एक साधं वाक्य बोलते, “जेवून घ्या.” हशा येतो. ती थांबते. हशा ओसरायला लागतो, तरी ती थांबलेलीच. पूर्ण शांतता होते, त्या शांततेत कुणीतरी नाक ओढतं, आणि मग ती तेच वाक्य परत म्हणते. दुसऱ्या वेळी कुणी हसत नाही. मी घड्याळ लावून मोजलंय, अकरा सेकंद. रंगमंचावर अकरा सेकंद नुसतं उभं राहणं काय असतं ते ज्याने तालीम केली आहे त्याला विचारा. संहितेत तिथे फक्त ‘(थांबून)’ एवढंच छापलेलं आहे. ही कॅसेट नाटक नव्हे, खरंच. पण अभिनयाबद्दल मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या अकरा सेकंदांत शिकले.

खर्चाचा मुद्दा मला पटत नाही. चित्रपटासारखं चित्रण करायचंच नाही. दोन-तीन कॅमेरे, एक अख्खा रंगमंच दाखवणारा आणि बाकीचे जवळचे, नीट ध्वनी आणि प्रेक्षकांनी भरलेलं नाट्यगृह. रिकाम्या नाट्यगृहात नको, कारण अर्धं नाटक प्रेक्षकांच्या श्वासात असतं. राज्य सरकार व्यावसायिक नाटकांना प्रयोगांसाठी अनुदान देतंच. त्याच अनुदानाला एक अट जोडावी, की अनुदान घेतलेल्या प्रत्येक नाटकाचा एक प्रयोग सरकारी खर्चाने चित्रित होऊन राज्याच्या संग्रहात जाईल. किती वर्षं तो बंद राहील ते निर्मात्याने ठरवावं, दहा म्हणाला तर दहा. राज्य नाट्य स्पर्धेच्या अंतिम फेरीचंही तसंच करावं, कारण उद्याच्या मोठ्या नट-नट्या आज तिथे आहेत.

आणि कलाकारांना याचे पैसे मिळाले पाहिजेत. 1994 च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे, तो पन्नास वर्षं टिकतो, आणि त्याच्या संमतीशिवाय चित्रण करता येत नाही. कलाकाराच्या बाजूने हे फार मोलाचं आहे. तेव्हा ज्या रात्री कॅमेरे लागतील त्या रात्री प्रत्येकाला दुप्पट नाईट द्या, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यापासून विंगेत साडीला पिन लावून देणारीपर्यंत. त्या रात्रीचं काम पन्नास वर्षांनीही कुणीतरी पाहणार आहे.

मी नटीचंच उदाहरण घेतलं, ते मुद्दाम. नट गेला की त्याच्या दंतकथा होतात, त्यांच्यावर चित्रपट निघतात. ‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातला काशिनाथ घाणेकरांचा लाल्या ज्यांनी कधीच पाहिला नाही, त्यांनाही 2018 च्या चित्रपटामुळे त्याच्या शिट्ट्या ऐकू आल्या. नटी गेली की मागे काय उरतं? एक छायाचित्र, एका गाजलेल्या भूमिकेचं नाव, कुणाची पत्नी होती ते आणि कशी गेली ते. भक्ती बर्वेंबद्दल आज कुणालाही विचारा, हीच चार वाक्यं मिळतील, फुलराणी आणि अपघात धरून. ती मेहनत कशी करायची, एखादं वाक्य शंभराव्या प्रयोगात कसं बदलायची, समोरचा नट बदलला की तिची चाल कशी बदलायची, हे तिच्या आयुष्याचं खरं चरित्र. ते तिच्या कामातच लिहिलेलं होतं आणि ते काम आपण ठेवलं नाही.

2022 मध्ये ‘चारचौघी’ नव्या संचात आलं. 1991 च्या प्रयोगात विद्या झालेल्या वंदना गुप्ते आणि आताच्या मुक्ता बर्वे, फोनवरचा तो लांबलचक प्रसंग दोघींनी पेलला. मध्यंतरात माझ्या मागे बसलेल्या दोन बायका हिरिरीने वाद घालत होत्या, कुणाचा फोन जास्त खरा होता यावर. एक म्हणत होती, तेव्हाची विद्या रडली नव्हती. दुसरी म्हणत होती, रडली होती, मला आठवतंय. तीस वर्षांत मराठी बाईचं रडणं बदललं का, कुठे ती आता रडत नाही आणि कुठे आता मोकळेपणी रडते, याचं उत्तर त्या दोन प्रसंगांत आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहता आले तर एका मुलीचा अख्खा प्रबंध होईल.

येत्या शनिवारी-रविवारी वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती बघा. सत्तरी ओलांडलेल्या काही नट्या अजून दौरे करत आहेत, रात्री उशिरा बसमधून परतत आहेत. पहिले कॅमेरे त्यांच्या प्रयोगाला लावा.